तुंबाडला खजिना शोधायला गेले आणि पेंडसे सापडले

आधीच सांगते, मी काही फार वाचणारी बाई नाही. बँकेतली नोकरी, दोन पोरं, सासूबाईंचं पथ्यपाणी, त्यातून वर्षाला चार-पाच पुस्तकं झाली तरी मी स्वतःची पाठ थोपटून घेते. त्यामुळे माझा रिव्ह्यू म्हणजे समीक्षा वगैरे नाही, एका लेखकाच्या नादाला लागून मागचं दीड वर्ष कसं गेलं आणि आता त्याचं पुढचं कुठलं घ्यावं ह्याचा घोळ कसा झाला, एवढंच आहे. लेखक म्हणजे कोकणावर कादंबऱ्या लिहिणारे श्री. ना. पेंडसे. हो, माहितीये, तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी कॉलेजात असतानाच वाचलेत. मी नव्हते वाचले. आम्ही परभणीचे, आमच्याकडं कोकण म्हणजे गणपतीपुळ्याची सहल आणि आंब्याची पेटी, त्यापलीकडं काही नाही.

सुरुवात झाली सिनेमापासून. तुंबाड हा पिक्चर 2018 ला आला तेव्हा आम्ही पाहिला नव्हता, मग सप्टेंबर 2024 मधे तो परत थेटरात लागला तेव्हा थोरल्याच्या हट्टापायी गेलो. तो वाडा, तो सततचा पाऊस, तो सोन्याच्या मोहरांवाला राक्षस हस्तर, मला दोन रात्री नीट झोप नाही. परत येताना गाडीत नवरा म्हणाला की ह्याच नावाची एक जाडजूड कादंबरी आमच्या अण्णांच्या कपाटात होती, दोन भाग होते, अण्णा उन्हाळ्यात तीच ती परत काढून वाचायचे. झालं. मला वाटलं सिनेमा ह्याच्यावरच असणार, मग पुस्तकात तर अजून डिटेलमधे असेल सगळं, घरी पोचायच्या आत मी फोनवर ऑर्डर टाकलेली होती.

तर माझ्यासारखं कुणी ह्या कारणानं 'तुंबाडचे खोत' घ्यायला निघालं असेल तर थांबा, ऐका. त्यात हस्तर नाही. सोन्याच्या मोहरा नाहीत. सिनेमावाल्यांनी पेंडशांकडून नाव घेतलंय, गोष्टीची प्रेरणा भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या कथेची आहे. हे मला पुस्तकाची सत्तर पानं वाचून झाल्यावर जाऊबाईंनी सांगितलं, तोवर मी प्रत्येक पानावर आता भूत येईल मग येईल करत होते.

त्या सत्तर पानांच्याही आधी एक रामायण झालं. ज्या साइटवरून मागवलं (नाव नको) त्यांनी दोन खंडांचा सेट म्हणून पैसे घेतले आणि पाठवला नुसता दुसरा खंड. मी परत केला, तर बदली म्हणून जे आलं तोही दुसराच खंड. कस्टमर केअरच्या मुलीला मी समजावतेय की अगं बाई हे एकच पुस्तक आहे, दोन भागात आहे, आणि ती म्हणतेय मॅडम तुम्ही ऑर्डर केलेलं टायटल बरोबर डिलिव्हर झालेलं दिसतंय. शेवटी इथं पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन दोन्ही खंड एकत्र हातात घेऊन, दोन्हीवर पहिला-दुसरा लिहिलंय ना हे दुकानदारासमोर बघून घेऊन आले. स्वस्त नाहीत. पण बाइंडिंग बरं आहे, अक्षर वाचण्यासारखं आहे, आणि एवढी जाड पुस्तकं झोपून वाचायची नाहीत हे मी अनुभवानं सांगते, एकदा डुलकी लागली आणि नाकावर पडलं.

आता पुस्तकाबद्दल. 1987 ला आलेली कादंबरी आहे, खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठाला तुंबाड, तिथल्या खोत घराण्याच्या चार पिढ्या. सुरुवात जड जाते, खोटं कशाला बोलू. माणसं धबाधबा येतात, कोण कुणाचा चुलता आणि कोण कुणाचा पुतण्या कळेना, मी शेवटी बँकेतून मिळालेल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला वंशवृक्ष काढायला घेतला. एखादं माणूस मेलं की त्याच्यापुढे फुली. असं करत करत केव्हातरी, नेमकं कुठल्या पानावर ते आठवत नाही, मी कॅलेंडर बघायचं बंद केलं. दादा खोत, नाना खोत, चिमापा, गणेशशास्त्री, ही सगळी आपल्याच वाड्यातली असल्यासारखी वाटायला लागली. रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगायचे की आज नानानं काय केलं माहितीये का, आणि तो विचारायचा नाना कोण, तुमच्या ब्रँचला नवीन आलाय का.

मला सगळ्यात जास्त काय पकडलं तर खोत हा प्रकार. आमच्याकडं देशमुख-पाटील माहिती, खोत हे फक्त आडनाव म्हणून ऐकलेलं. जाऊबाईंचं माहेर खेडचं, त्यांनी फोनवर तासभर क्लासच घेतला. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा, पण सरकार लांब आणि खोत दारात, त्यामुळे गावापुरता राजा तोच. कुळांनी जमीन कसायची, वाटा खोताला द्यायचा, वर खोताच्या घरी वेठीला राबायचं ते वेगळंच. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मधे मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करायचं बिल मांडलं होतं, आणि खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्यानं. हे मला ठाऊकच नव्हतं, म्हणजे बाबासाहेबांचं महाडचं तळं माहिती पण खोतीचं बिल नाही. हे सगळं डोक्यात ठेवून कादंबरी वाचली की वाड्यातल्या प्रत्येक पंगतीकडं वेगळं बघायला होतं, वाढतंय कोण, बसलंय कोण, आणि अंगणात उभं कोण आहे.

आणि इथंच पेंडशांची गंमत आहे. हा माणूस निकाल देत नाही. मला वाटत होतं खोत वाईट, कुळं बिचारी, असं काहीतरी एका बाजूनं असेल, किंवा मग जुन्या वैभवाचं गोडगोड रडगाणं असेल की काय तो वाडा, काय ते दिवस. दोन्ही नाही. खोतांचा माज असा दाखवलाय की पुस्तक बाजूला ठेवून पाणी पिऊन यावं लागतं, आणि पुढच्याच पन्नास पानांत तोच माणूस एकटा पडवीत बसलेला असतो आणि आपल्याला त्याची दया येते, आणि आपल्याला दया आली ह्याचाच राग येतो. चांगल्या माणसाचंही तेच, गणेशशास्त्री भला माणूस आहे पण भलेपणाचा लोकांना होणारा जाच पण दिसतो. मी टीव्हीवरच्या सिरीयली बघणारी बाई, मला व्हिलन आला की म्युझिक वाजायची सवय, इथं म्युझिकच नाही, आपलं आपण ठरवायचं.

कमी काय वाटलं, तर दुसरा खंड मधे सैल पडतो असं माझं मत आहे. मधू खोताचा भाग आला की काळ आपल्या ओळखीचा होतो, स्वातंत्र्याची चळवळ वगैरे, आणि पहिल्या खंडात जी एक काळोखी गूढ हवा होती ती पातळ होते. जाऊबाईंना नेमका दुसरा खंड जास्त आवडतो. म्हणाल्या, तुला भूत पाहिजे होतं म्हणून तुला पहिला आवडला. असेल बाई.

जगबुडी नदीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती नदी कादंबरीत नुसती सीनसाठी नाहीये, ती घरातल्या माणसासारखी आहे, आणि मला आधी वाटलं लेखकानं नाव काय भारी बनवलंय. बनवलेलं नाही, खरंच आहे. दर पावसाळ्यात बातम्यांत येतं ना, जगबुडीनं धोक्याची पातळी ओलांडली, खेडच्या बाजारात पाणी, तीच ही. जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा खेडमधे पण पाणी शिरलं होतं, जाऊबाईंच्या माहेरी खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, धान्य, गाद्या, फोटो. त्या पुराबद्दल बोलताना त्या फार बोलत नाहीत. पण कादंबरीतल्या पाण्याबद्दल मी काही विचारलं की लगेच सांगतात, पाणी कसं आधी गटारातून उलटं वर येतं, मग आवाज बदलतो. मी ती पानं दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मला तो आवाज ऐकू आला, म्हणजे जाऊबाईंचाच आवाज होता तो खरं तर.

तर असा तुंबाड संपला, चार महिने लागले. संपल्यावर जे होतं ते झालंच, दुसरं काही वाचवेना. दोन वेगळी पुस्तकं घेतली, दोन्ही अर्धी टाकली. मग ह्या माणसाचंच अजून काय आहे बघायला लागले आणि कळलं की अरे, हा तर डोंगर आहे. जन्म 1913 चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा. लहानपणीच मुंबईला आले आणि नोकरी केली बेस्टमधे. हो, बस आणि वीजवाली बेस्ट. मला हे फार आवडलं, का ते सांगता येत नाही, कदाचित मी पण दिवसभर व्हाउचर आणि कर्जाच्या फायली बघते म्हणून असेल. मुंबईत राहून, ऑफिसची नोकरी करून, हा माणूस डोक्यात सतत हर्णै-दापोलीकडचा मुलूख घेऊन फिरत होता. आणि तुंबाडचे खोत आली तेव्हा त्यांचं वय 74. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन खंड! आमच्याकडं 58 ला रिटायर झालेले साहेब लोक व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगच्या पलीकडं जात नाहीत.

दुसरं पुस्तक निवडणं सोपं होतं, 'गारंबीचा बापू', कारण ते नाव सगळ्यांनाच माहिती असतं, मलाही होतं. काशिनाथ घाणेकरांचं नाटक गाजलेलं, सासूबाईंनी ते पाहिलंय आणि घाणेकरांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा अजून बदलतो. कादंबरी 1952 ची. तुंबाडच्या मानानं एवढीशी, दोन रविवारांत झाली.

बापू म्हणजे गावानं ओवाळून टाकलेलं पोर. गरीब घरचा, बाप खोतांच्या घरी राबणारा, आई यशोदा, आणि हा उंडगा, कुणाला न जुमानणारा. रावजीच्या हॉटेलातली राधा, तिच्याशी ह्याचं जुळतं आणि गाव पेटतं, जात निघते, अब्रू निघते, सगळं निघतं. पुढं हाच बापू सुपारीच्या धंद्यात उभा राहतो, पैसा येतो, आणि ज्या गावानं थुंकलं त्याच गावात मान वर करून राहतो. एवढं ऐकून तुम्हाला वाटेल की ही तर हिरोची स्टोरी झाली, गरीब ते श्रीमंत. मलाही तसंच वाटलं. पण बापू हिरो नाहीच, कित्येकदा त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते. राधा मात्र अशी बाई आहे ना, की पुस्तक 1952 चं आहे हे मला तीन वेळा मागं जाऊन बघावं लागलं. रडत नाही, उपकार मागत नाही, गल्ल्यावर बसते. गल्ल्यावर बसलेली बाई मराठी कादंबरीत मी तरी आधी बघितली नव्हती, माझं वाचन कमी असेल, पण नव्हती.

भाषेचं म्हणाल तर कोकणाबाहेरच्यांनी घाबरू नका. पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पाखाडी म्हणजे पायऱ्यांची दगडी वाट, साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडाचा पूल, एवढं कळलं की गाडी चालते. बाकी संदर्भानं कळत जातं. शिव्या भरपूर आहेत पण कोकणातल्या शिव्या आमच्या मराठवाड्यातल्यापेक्षा गोड वाटतात, त्यात एक लय असते. माझ्या धाकट्यानं दोन पाठ केल्या, त्याबद्दल शाळेतून फोन आला, तो भाग सोडू.

बापू वाचून झाला आणि डिसेंबरात जाऊबाईंच्या भाच्याच्या लग्नाला आम्ही खेडला गेलो, तिथून एक दिवस काढून दापोलीकडं. दापोलीहून हर्णैला जाताना मधे आसूद लागतं. व्याघ्रेश्वराचं जुनं देऊळ आहे, आणि पलीकडं डोंगरात केशवराज. केशवराजला जायला खाली बागांमधून उतरायचं, दोन्ही बाजूंनी पोफळी, वर आभाळ दिसत नाही एवढी दाट, खाली ओढा, ओढ्यावर पूल, आणि मग पायऱ्या चढायच्या, मोजल्या नाहीत पण गुडघ्यांनी मोजल्या. वर देवळाजवळ दगडी गोमुखातून पाणी पडतं, गार. तिथले लोक तुम्हाला लगेच सांगतात, हाच तो बापूचा परिसर, ही गारंबी. आता कादंबरीतली गारंबी ही नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही, पण त्या पुलावर उभं राहिल्यावर मला काही शंका उरली नाही. नवरा म्हणाला चल लवकर, फिश करी संपेल हर्णैला. मी म्हणलं थांबा जरा, राधाचं हॉटेल कुठल्या बाजूला असेल ते बघू द्या. त्यानं ड्रायव्हरकडं असं बघितलं की ह्या बाईला माफ करा.

तर दोन झाली. तिसरं कुठलं, इथं माझी गाडी अडकली आणि जवळजवळ दोन महिने अडकली.

सगळ्यात सोपं होतं 'गारंबीची राधा' घेणं. राधा आवडली ना, मग तिच्याच नावाचं पुस्तक आहे, लेखकानं स्वतः लिहिलंय, 1993 मधे. दुकानात हातात घेतलं, चार पानं चाळली आणि परत ठेवलं. कारण असं की पहिल्या पुस्तकात राधा मला जेवढी दिसली तेवढीच बरी वाटतेय, तिच्या मनात काय होतं हे मी माझं मी ठरवलंय, आता चाळीस वर्षांनी लेखक येऊन म्हणणार नाही गं, तिच्या मनात हे होतं. चुकत असेन. ज्यांनी वाचलंय ते म्हणतात वाच, चांगलं आहे. पण बापू वाचल्या वाचल्या लगेच नको, हे माझं अगदी ठाम मत आहे, मधे दोन-तीन पुस्तकांचं अंतर टाका.

मग 'हद्दपार'. 1950 चं. त्यात राजे मास्तर म्हणून शाळामास्तर आहेत, त्याच्यावर नाटक पण झालं 'राजे मास्तर' नावाचं. मास्तर लोकांवरचं पुस्तक वाचायला मला जरा भीती वाटते, कारण मराठीत मास्तर आला की ध्येयवाद आला, फाटका कोट आला, आणि शेवटी डोळ्यात पाणी आलं. पेंडसे तसं करणार नाहीत असं तुंबाडवरून वाटतं, पण तरी. आमच्या इथल्या वाचनालयात विचारलं तर तिथल्या काकांनी रजिस्टर काढून सांगितलं की पुस्तक आहे, पण 2011 साली कुणीतरी नेलंय ते आलेलं नाही. मी म्हणलं मग आहे कसं? तर म्हणाले, नोंद आहे ना. पुस्तकाचं नावच हद्दपार, काय बोलणार.

'एल्गार' ही पहिली कादंबरी, 1949 ची, हिंदू-मुसलमान ताणाची आणि कोकणातल्या गावाची. ती मी मुद्दाम मागं ठेवलीय. लेखक आवडला की त्याचं पहिलं पुस्तक शेवटी वाचावं असं मला वाटतं, हात बसायच्या आधीचं असतं ते, आधी वाचलं तर आपण उगाच पारखायला बसतो, नंतर वाचलं तर कौतुकानं वाचतो. पोरांचे लहानपणीचे फोटो कसे आपण पोरं मोठी झाल्यावरच जास्त बघतो तसं.

'लव्हाळी' वेगळंच प्रकरण आहे, कोकण नाहीच, मुंबई, चाळ, आणि सगळं डायरीच्या रूपात. दुकानात उभ्या उभ्या वाचायला लागले तर सात-आठ पानं कधी झाली कळलं नाही, दुकानदारानं खुर्ची आणून दिली, खुर्ची दिल्यावर विकत घेणं भाग पडलं. पण घरी आणून कपाटात ठेवलं, कारण मला कोकण सोडवत नव्हतं.

आणि उरलं 'रथचक्र'. आता खरं सांगायचं तर यादीत हेच पहिलं असायला पाहिजे होतं, 1962 चं पुस्तक, 1963 चा साहित्य अकादमी पुरस्कार ह्यालाच मिळाला, ज्याला विचारावं तो म्हणतो पेंडशांचं सगळ्यात चांगलं हेच. जाऊबाई तर पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, अगं ते तुंबाड राहू दे, रथचक्र वाच. मी टाळत होते. त्यातली बाई अशी की नवरा घर सोडून निघून गेलेला, एकत्र कुटुंबात सासरच्यांचा जाच, आणि तिला एकच धरून बसायचं आहे, पोरगं शिकलं पाहिजे. त्यासाठी ती घराबाहेर पडते, पोराला घेऊन शिक्षणाच्या गावी येते. एवढं मागच्या कव्हरवर वाचलं आणि पुस्तक परत फळीवर ठेवलं.

कारण ती गोष्ट मला माहिती आहे. आमचे वडील काही परागंदा झाले नव्हते, गावाकडं शेती बघत होते, पण गावात शाळा चौथीपर्यंत आणि पुढं पोरींनी शिकून करायचं काय असं सगळ्या वाड्याचं म्हणणं. आई मला आणि बहिणीला घेऊन परभणीला आली, एका खोलीत, पत्रे होते वर, उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसून आम्ही पाढे म्हणायचो आणि आई लोकांचे ब्लाउज शिवायची. आजी वर्षातून एकदा यायची आणि दारातूनच विचारायची, झाली का कलेक्टर? म्हणून मी रथचक्र टाळत होते. भूत बघायला मी तयार होते, पत्र्याची खोली बघायला नव्हते.

पण घेतलं शेवटी. परभणीला जायचं होतं, बस सहा-सात तासांची, म्हणलं वाटेत सुरू करू. नगर मागं पडेपर्यंत मी साठेक पानं वाचलेली आणि शेजारच्या सीटवरच्या आजी मला विचारत होत्या, काय झालं गं, कुणी गेलं का. त्या साठ पानांवरून जे सांगता येईल ते सांगते. तुंबाडमधे पेंडसे ऐसपैस बसून गोष्ट सांगतात, पान खात, अंगणात चांदणं पडलेलं आहे असं. इथं तसं काही नाही. इथं वाक्य आखूड वाटतं, श्वास लागल्यासारखं. स्वयंपाकघरात दोन बायका एकमेकींशी काही न बोलता कशा भांडतात हे ह्या माणसाला कसं माहिती, मला कळत नाही. बाईला महान करायचा मोहही त्यांना नाही. ती कठोर आहे, हट्टी आहे, पोरावर पण तिचा जाच होतोय की काय असं वाटायला लागतं. आणि मला ते वाचून बरं वाटलं, कारण आमची आई पण काही देवी नव्हती, पट्टीनं मारायची.

ह्या लेखकाची एक अडचण सांगून ठेवते, जुनी पुस्तकं सगळीच सगळीकडं मिळत नाहीत, मोठी नावं मिळतात, मधली मिळत नाहीत, ऑनलाइन दिसतं एक आणि येतं दुसरं हे तर सांगितलंच. शक्य असेल तर दुकानात जाऊन घ्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानातही डोकवा, आधीच्या आवृत्त्या मिळाल्या तर पानं पिवळी असतात पण वजनाला हलक्या पडतात. परदेशात वाढलेल्या पोरांसाठी बापूचं इंग्रजी भाषांतर आहे, इयान रेसाइड म्हणून लंडनला मराठी शिकवायचे त्यांनी केलेलं, 'वाइल्ड बापू ऑफ गारंबी' नावानं. माझा कॅनडातला भाचा तेच शोधतोय.

आणि ज्याला पेंडसे अगदी पहिल्यांदा वाचायचेत त्यानं माझ्यासारखं तुंबाडपासून सुरू करू नये. बापूपासून करा. दोन रविवार, जमलं तर जमलं, नाही तर सोडून द्या. तुंबाड हे मोठ्या सुट्टीत, पाय मोडला असेल तेव्हा, किंवा पावसाळ्यात. स्टार द्यायचेच तर तुंबाडला साडेचार, अर्धा दुसऱ्या खंडाचा कापला. बापूला चार, पण राधाला पाच.

रथचक्रला अजून देता येत नाहीत, कारण ते माझ्याकडं नाहीये. परभणीला पोचले, पुस्तक पलंगावर टाकून अंघोळीला गेले, बाहेर आले तर आई चष्मा लावून खिडकीत बसलेली. म्हणलं आई, माझं साठाव्या पानावर आहे, बघते का फक्त. हो म्हणाली. दोन दिवस झाले, मी निघाले तरी देईना. निघताना म्हणलं, काय वाटतंय? तर म्हणाली, ह्या बाईला शिवणकाम येत असतं तर बरं झालं असतं. त्याला आता तीन आठवडे झाले. मी रोज फोन करते, झालं का, ती म्हणते राहिलंय थोडं. बहीण सांगते की तिचं कधीच वाचून झालंय, आता दुसऱ्यांदा चाललंय. दुसरी प्रत घ्यावी का असा विचार होता, पण तोवर म्हणलं चला, कपाटात लव्हाळी पडलंय, चाळीत राहून येऊ.